आकाश सर्वांचे, दप्तर कोणाचे?

उडत्या तबकड्यांवर आम्ही लेख लिहिला आहे, हे पाहून आमच्या परिचितांना हसू येईल. आमची सारी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या सहकार खात्यात झाली. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, ग्राहक भांडारे यांची नोंदणी, त्यांची लेखापरीक्षणे, निवडणुकांतील तंटे, आणि सरतेशेवटी ज्यांचे निभावत नाही अशांचे अवसायन, हा आमचा प्रांत. आकाशातील दिव्यांशी आमचा कधी संबंध आला नाही, आणि परग्रहावरून कोणी येऊन गेले असे आम्ही आजही मानीत नाही. परंतु त्या दिव्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या काही माणसांशी आमचा थोडा संबंध आला. त्यांच्या सहवासात जे पाहिले, ते आपल्यासारख्या जुन्या मंडळांतून वावरणाऱ्या वाचकांस सांगण्याजोगे वाटते, म्हणून हा प्रपंच.

निवृत्तीनंतरचे दोन हिवाळे आम्ही उभयतांनी इंग्लंडात लीड्स येथे कन्येकडे काढले. दुपारी चारलाच दिवेलागण व्हावी अशा त्या दिवसांत जवळचे सार्वजनिक वाचनालय हाच आमचा आसरा होता. तेथे एका निवृत्त पोस्टमनशी ओळख झाली. वेस्ट यॉर्कशायरच्या दऱ्याखोऱ्यांत, विशेषतः टॉडमॉर्डन या गावाच्या परिसरात, आकाशात काही विलक्षण दिसल्याच्या वार्ता गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे येत आहेत. हे गृहस्थ अशा वार्तांचा शोध घेणाऱ्या एका लहानशा मंडळाचे चिटणीस होते. आसपासच्या चार मंडळांनी मिळून पूर्वी एक आघाडी केली होती. ती आघाडी म्हणजे काय, तर एक सामाईक नाव, वर्षाकाठी एक सभा आणि सभेनंतरचा चहा. प्रत्येक मंडळाचा नोंदीचा कागद निराळा, प्रत्येकाचे कपाट निराळे. एकच दिवा दोन मंडळांनी दोनदा मोजावा आणि तिसऱ्याला त्याचा पत्ताही नसावा, असा कारभार. ही सैल मोट पुन्हा नीट बांधावी, असे त्यांच्या मनात होते. आमची नोकरी कोणती होती हे कळताच त्यांनी नव्या नियमावलीचा मसुदा आमच्यापुढे ठेवला. घरी तो चाळताना पाहून कन्या म्हणाली, "बाबा, इथेही तुम्हांला संस्था सापडलीच का!"

मसुदा उमजावा म्हणून आम्ही आधी या उद्योगाचा पूर्वेतिहास वाचला. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताजवळ केनेथ आर्नल्ड नावाच्या वैमानिकाला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या, आणि वृत्तपत्रांनी 'उडती तबकडी' हा शब्द रूढ केला. अमेरिकी वायुदलाने अशा दर्शनांची चौकशी १९६९ अखेरपर्यंत चालविली. 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दप्तरात १२,६१८ प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी ७०१ अनिर्णित राहिली. सरकारी चौकशीने ज्यांचे समाधान झाले नाही, अशा नागरिकांनी आपापली मंडळे काढली. १९५२ साली विस्कॉन्सिनमध्ये जिम व कोरल लॉरेन्झन या दांपत्याने 'ॲप्रो' स्थापिली. १९५६ साली 'नायकॅप' निघाली. १९६९ साली वॉल्ट ॲन्ड्रस प्रभृती ॲप्रोतून वेगळे झाले आणि त्यांनी 'मुफॉन' काढली. वायुदलाचे दीर्घकाळ सल्लागार राहिलेले खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी १९७३ साली आपले निराळे केंद्र उभारले. इंग्लंडात १९५९ साली लंडनचे एक मंडळ निघाले, १९६२ साली प्रादेशिक मंडळांचा एक संघ झाला, आणि १९६४ साली या दोहोंच्या एकीकरणातून 'बुफोरा' ही राष्ट्रीय संघटना जन्मास आली.

ही जंत्री वाचताना आम्हांला गंमत वाटली. नावे परकी, परंतु कुळाचार ओळखीचा! दोन उत्साही माणसे संस्था काढतात. तिसरा रुसतो आणि आपली वेगळी मांडतो. मग कोणी तरी साऱ्यांना एका छत्राखाली आणू पाहतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील आपल्या मंडळांचे जुने अहवाल ज्यांनी चाळले आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

संस्था निघतात कशा, यापेक्षा त्या संपतात कशा, हे पाहण्याची सवय आमच्या नोकरीने आम्हांला लावली. नायकॅपचे सभासद १९६०च्या दशकात हजारोंच्या घरात होते; १९८० साली तिचे काम थांबले. सुदैवाने तिच्या फायली हायनेक यांच्या केंद्राकडे गेल्या. ॲप्रोचे नशीब तसे नव्हते. जिम लॉरेन्झन १९८६ साली आणि कोरल १९८८ साली निवर्तल्या, संस्था विसर्जित झाली, आणि तिचे साडेतीन दशकांचे दप्तर खाजगी हाती जाऊन पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांच्या दृष्टीस पडले नाही. देशोदेशींच्या ज्या माणसांनी विश्वासाने पत्रे लिहिली होती, त्यांचे शब्द एखाद्या बंद खोलीतील खोक्यांत पडून राहिले.

पैशानेही आघाड्या मोडतात. १९९०च्या दशकात अमेरिकेतील तीन प्रमुख संस्थांनी एक संयुक्त आघाडी केली होती. पुढे २००९ साली मुफॉनने रॉबर्ट बिगेलो या उद्योगपतींच्या कंपनीशी करार केला. पैसा कंपनीने द्यावा आणि मुफॉनच्या तपासनिसांनी घटनास्थळी तातडीने धाव घ्यावी, अशी ती योजना होती. ती पुढल्याच वर्षी संपुष्टात आली. हीच कंपनी त्या काळात अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागाच्या कंत्राटावर काम करीत होती, हे जगजाहीर व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. चार आणे वर्गणी देणाऱ्या सभासदाला आपल्या संस्थेचा खरा सावकार कोण हे ठाऊक असले पाहिजे, असा आमच्या खात्याचा पहिला धडा होता. लीड्सच्या मसुद्यात आम्ही सुचविलेले पहिले कलम तेच होते: कोणत्याही एका देणगीदाराकडून वर्षाच्या खर्चाच्या चतुर्थांशाहून अधिक रक्कम घेऊ नये, आणि घेतलेल्या प्रत्येक रकमेचा उगम वार्षिक सभेपुढे वाचून दाखवावा.

आता मूळ मसुद्याविषयी. त्यात अकरा कलमे होती आणि त्यांतील पहिली तीन 'उद्दिष्टां'त खर्ची पडली होती. कारण चार मंडळांची मते चार. एकाला वाटे, ही परताऱ्यांवरील वाहने. दुसऱ्याला वाटे, वातावरणातील विजेचा हा एखादा अज्ञात खेळ. तिसरे मंडळ म्हणे, सारे रहस्य पाहणाऱ्याच्या मनात आहे. चौथ्याचा संशय लष्कराच्या गुप्त विमानांवर. प्रत्येकाला आपला शब्द उद्दिष्टांत हवा होता आणि त्या वादात दोन वर्षे गेली होती. आम्ही म्हटले, उद्दिष्टांची तिन्ही कलमे काढून टाका. पतसंस्थेच्या उपविधीत सभासदाने पैसा कशासाठी साठवावा हे लिहिलेले नसते. पावती कोणी द्यावयाची, खतावणीत कोणी चढवायची आणि किल्ली कोणाकडे राहावयाची, हे लिहिलेले असते. मतांची एकवाक्यता होईपर्यंत थांबाल तर आघाडी होणारच नाही. नोंदीची एकवाक्यता मात्र एका दुपारी होऊ शकते.

हे म्हणणे पटावे म्हणून त्या मंडळींच्याच पूर्वसुरींचा दाखला आमच्या कामी आला. हायनेक यांच्या केंद्रातील ॲलन हेन्ड्री यांनी १,३०७ प्रकरणे एका शिस्तीने तपासून १९७९ साली त्यांचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. बहुतेक सर्व प्रकरणांचा उलगडा झाला. तारे, ग्रह, रात्री दिव्यांची अक्षरे मिरवीत जाणारी जाहिरातीची विमाने, उल्का, फुगे, हीच ती 'वाहने' होती. शेकडा नऊच्या आतच प्रकरणे शिल्लक राहिली. हा निष्कर्ष श्रद्धाळूंना आणि उपहास करणाऱ्यांना सारखाच उपयोगी आहे, कारण जे थोडे उरते ते किती मोलाचे, हे बाकीचे नीट वजा केल्यावाचून कळत नाही.

आपल्या देशातील उदाहरणही आम्ही त्यांना सांगितले. लडाखमध्ये प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर आपल्या जवानांनी रात्रीमागून रात्री आकाशात प्रकाशमान वस्तू पाहून त्यांच्या नोंदी ठेवल्या; त्या चिनी टेहळणी विमाने असाव्यात, असा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांकडे प्रकरण गेले, तेव्हा ते गुरू आणि शुक्र असल्याचे निष्पन्न झाले. २०१३ साली ही वार्ता प्रसिद्ध झाली. या वार्तेला पुष्कळजण हसले. आम्हांला मात्र त्या जवानांचा अभिमान वाटला. त्यांनी वेळ आणि दिशा लिहून ठेवली नसती, तर उलगडा कशाच्या आधारे झाला असता? हैदराबादकर वाचकांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तेथील केंद्रातून सुटणारे प्रचंड फुगे ठाऊक असतील. असा फुगा सूर्यास्तानंतर काही काळ उंचावर झळाळत राहतो, आणि खाली अंधारात उभ्या असलेल्या माणसाला त्याचे नवल वाटते. त्या माणसाला मूर्ख ठरविणे सोपे आहे; त्याच्याकडून तारीख, वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लिहून घेणे अधिक उपयोगाचे.

पुढे सरकारांनाही याच वाटेने यावे लागले, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने आपला या विषयाचा कक्ष २००९ साली बंद केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने जून २०२१ मध्ये १४४ प्रकरणांचा अहवाल दिला. त्यांतील केवळ एकाचा खात्रीपूर्वक उलगडा झाला, ते एक हवा गेलेले बलून होते. नासाने नेमलेल्या सोळा सदस्यांच्या मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले ते इतकेच की, मूळ माहितीच तुटपुंजी आहे आणि नोंदीची पद्धत एकसारखी नाही. लीड्सच्या त्या पोस्टमन गृहस्थांचे दुखणे नेमके हेच होते.

नोंदीचा नमुना ठरला, पण त्याहून नाजूक प्रश्न पुढेच होता. नोंद देणाऱ्या माणसाशी कसे वागावे? या बाबतीत बुफोराचे काम आम्हांला आदरणीय वाटले. १९८०च्या दशकाच्या आरंभी तिने तपासनिसांसाठी आचारसंहिता केली. बोलावल्यावाचून कोणाच्या घरी जाऊ नये, संमतीवाचून नाव प्रसिद्ध करू नये, असे साधे नियम. त्याच सुमारास पुष्कळ ठिकाणी साक्षीदारांना संमोहित करून त्यांच्या 'विसरलेल्या' आठवणी काढण्याची लाट आली होती; टॉडमॉर्डनच्या १९८०मधील गाजलेल्या प्रकरणातही संमोहनाचा वापर झाला. संमोहनात माणूस सांगतो ते आठवलेले की रचलेले, हे ठरविण्याचे साधन नाही, आणि भ्यालेल्या माणसाची भीती त्याने दुणावते. त्या दशकाच्या अखेरीस बुफोराने आपल्या तपासात संमोहनाला स्थगिती दिली. कुतूहलापेक्षा माणसाला वरचढ मानणारा हा ठराव एका हौशी संस्थेने केला, ही लहान गोष्ट नव्हे. नव्या नियमावलीत तो जसाच्या तसा घ्यावा यावर चारही मंडळांचे एकमत झाले.

खरा पेच पडला तो दप्तरावर. मसुद्यात आम्ही सुचविले होते की, चारही मंडळांचे जुने कागद एका ठिकाणी आणावेत, त्यांची एक सूची करावी आणि ती अभ्यासकांना खुली असावी. हे वाचून दाखविताच एका मंडळाच्या ज्येष्ठ सभासद बाई उठल्या. ऐंशी ओलांडलेल्या, एके काळी परिचारिका असलेल्या. चाळीस वर्षांचे कागद त्यांच्या घराच्या माळ्यावर होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे कागद माझे नाहीत आणि तुमचेही नाहीत. एका बसचालकाने मला सांगितले, कारण त्याच्या मालकाला कळणार नाही असा शब्द मी दिला होता. एका मुलीने सांगितले ते तिच्या आईलाही सांगितले नव्हते. तुम्ही सूची कराल, पण माझ्या शब्दाचे काय?"

सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या नोकरीत आम्ही शेकडो दप्तरे जप्त केली असतील, परंतु दप्तर न देण्याचे इतके सबळ कारण कोणी पुढे केल्याचे स्मरत नाही. येथे एका बाजूला खरेपणा होता आणि दुसऱ्या बाजूलाही खरेपणाच होता. कागद माळ्यावर राहिले तर बाईंच्या पश्चात ते कोठे जातील हे सांगता येत नव्हते. ते खाली आणावेत तर दिलेले वचन मोडत होते.

येथे आमच्या इंदूरच्या एका दिवंगत स्नेह्यांची आठवण आम्हांला स्वस्थ बसू देईना. ते शाळेत भूगोल शिकवीत. सव्वीस वर्षे रोज रात्री गच्चीवरून आकाश पाहून ते वहीत नोंद करीत: उल्का किती, कोणत्या दिशेने, ढग किती, गारवा किती. सुरेख मोडी वळणाचे बाळबोध अक्षर. त्यांच्या पश्चात मुलांनी त्या वह्या एका संस्थेला देऊ केल्या. कपाट नाही, असे उत्तर आले. दुसऱ्या संस्थेने ठराव करून कळवू म्हटले. तो ठराव झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. घर विकण्याची वेळ आली तेव्हा वह्या रद्दीत गेल्या. मुलांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी दोन दारे ठोठावली होती. हे सारे आम्ही त्या सभेत सांगितले आणि बाईंना एवढेच म्हटले की, आपण दिलेला शब्द पाळावयास आपल्यामागे कोणी तरी लागेल. ते कोण, एवढे आज ठरवू या.

तोडगा निघाला तो शासकीय प्रथेतूनच. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संरक्षण मंत्रालयाच्या या विषयावरील फायली २००८ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने खुल्या केल्या, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्या नागरिकांची नावे आणि पत्ते झाकलेले होते. तीच रीत येथे धरली. घटना, स्थळ, काळ आणि निष्कर्ष यांची सूची खुली. नावांचे कागद मोहोरबंद लखोट्यात, आणि लखोटा उघडण्याची मुदत प्रत्येकावर लिहिलेली. एका जाणकाराने स्वीडनचे उदाहरण दिले. तेथील नॉरशॉपिंग या शहरात अशा मंडळांचे कागद जतन करणारे एक मोठे अभिलेखागार १९७०च्या दशकापासून हौशी कार्यकर्त्यांनी वाढविले आहे. अनेक देशांतील बंद पडलेल्या मंडळांची दप्तरे आज तेथे सुरक्षित आहेत.

शेवटचे कलम आमच्या हट्टाने घातले गेले. आपल्याकडील १८६० सालच्या संस्था नोंदणी अधिनियमाच्या चौदाव्या कलमात अशी तरतूद आहे की, संस्था विसर्जित झाली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यावयाची नाही. हजर सभासदांपैकी किमान तीन पंचमांशांच्या मताने ती दुसऱ्या एखाद्या संस्थेस द्यावयाची. इंग्रजांनी आपल्या देशात केलेला कायदा आम्ही त्यांच्याच देशात वाचून दाखविला, याचे त्या मंडळींना फार कौतुक वाटले. नियमावलीत त्याला आम्ही एक पुस्ती जोडली: मालमत्तेत दप्तर धरले जाईल, आणि ते कोणाकडे जाईल त्या संस्थेचे नाव आघाडी चालू असतानाच, दर पाच वर्षांनी, ठरावाने नक्की केले जाईल.

आघाडी नव्याने उभी राहिली असे म्हणताना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. तीन मंडळांनी सह्या केल्या. लष्करावर संशय घेणारे चौथे मंडळ बाहेर राहिले. मात्र नोंदीचा नमुना त्यांनीही स्वीकारला, आणि व्यवहारात तेवढ्याने बरेच साधले. बाईंनी माळ्यावरच्या पेट्या खाली आणविल्या. प्रत्येक कागदाची प्रत काढून तिच्यावरचे नाव आपण स्वतः झाकणार, दुसऱ्या कोणास हात लावू देणार नाही, अशी अट त्यांनी घातली होती. आम्ही परतलो तेव्हा काळी लेखणी घेऊन त्यांचे काम चालू होते आणि तीन पेट्यांपैकी पहिली अर्ध्यावर आली होती. गेल्या पावसाळ्यात पोस्टमन गृहस्थांचे पत्र आले: दुसरी पेटी संपली आहे, बाईंची दृष्टी मंदावली आहे, आता एक तरुण मुलगी त्यांना शेजारी बसून कागद वाचून दाखविते. त्या मुलीकडूनही बाईंनी आधी शब्द घेतला आहे.

वाचकहो, आपण सारे दोन-दोनशे वर्षांपूर्वी आपला मुलूख सोडून आलेल्यांचे वंशज. आपल्या मंडळांच्या कपाटांत गणेशोत्सवाचे जमाखर्च आहेत, हस्तलिखित मासिके आहेत, नाटकांच्या नकला आहेत, आणि ज्यांचे नावही आज कोणास आठवत नाही अशांची पत्रे आहेत. तरुण पिढी पुणे, बंगळुरू आणि त्याही पलीकडे गेली. कार्यकारिणीत साठीच्या आतला माणूस शोधावा लागतो. मराठी भाषेचे भवितव्य काय, संस्कृती कशी टिकेल, यावर आपण परिसंवाद पुष्कळ केले, तेही असोत. आमची विनंती त्याहून पुष्कळ लहान आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा: आपले मंडळ उद्या चालेनासे झाले, तर त्याचे दप्तर कोणाकडे जाईल? हा विषय आयत्या वेळच्या विषयांत घेऊ नये. तो क्रमांक दोनवर, मागील सभेचे इतिवृत्त कायम केल्याबरोबर घ्यावा, म्हणजे चहाची वेळ होण्याआधी त्यावर ठराव होईल.